दोन आसने आणि एक वॉकर

लेस्टरच्या आमच्या घरासमोर उभी असलेली गाडी पाहून सांगलीहून आलेले पाहुणे पहिला प्रश्न विचारतात तो असा : "मागची माणसे कुठे बसतात?" मागे कोणी बसत नाही, आसने दोनच आहेत, असे सांगितले की लगेच दुसरा प्रश्न येतो : "मग सामान कुठे ठेवता?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात माझे नऊ उन्हाळे गेले, आणि ते खऱ्या अर्थाने गवसले ते सौ.च्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर. ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांनाही या हकिकतीतून काही घेण्याजोगे सापडेल, असे वाटल्यावरून ती येथे मांडीत आहे.

गाडी जपानी आहे. माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची, २००१ सालची. निवृत्तीच्या वर्षी ती जुनी म्हणूनच घेतली. या गाडीची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाचा आकडा दहा लाखांवर पोहोचला. दोन आसनांच्या स्पोर्ट्स गाड्यांत सर्वाधिक खपाचा विक्रम तिच्याच नावावर आहे. कल्पना मात्र जुनी, इंग्लंडातली. एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर अशा छोट्या, कापडी टपाच्या गाड्या येथे १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होत्या. सुट्टीच्या दिवशी टप मागे टाकावा, दोघांनी निघावे आणि वळणावळणाच्या रस्त्याने समुद्र किंवा डोंगर गाठावा, एवढाच त्यांचा हेतू. त्या काळच्या अनेक गाड्यांच्या डिकीवर चकचकीत नळ्यांचा कॅरिअर बसवलेला दिसे आणि त्यावर पट्ट्यांनी आवळलेली चामड्याची बॅग. सामानाची अडचण या गाड्यांच्या जन्मापासूनच त्यांच्या सोबत आहे.

अडचण किती, तर माझ्या गाडीची डिकी १४४ लिटरची आहे. आपल्या ओळखीच्या मारुती स्विफ्टच्या डिकीच्या निम्म्याहून किंचित अधिक. त्यातच स्टेपनी आणि बॅटरी यांचाही मुक्काम. उरलेली जागा चौकोनी नाही. कुठे खड्डा, कुठे उंचवटा. टणक सुटकेस आत जात नाही, किंवा गेली तर दुसरे काही मावत नाही. आसनांच्या मागे बोटभर फट असते आणि तिच्या वरच्या फळीवर टप घडी होऊन बसतो, म्हणून तेथे काही ठेवले की टप उघडता येत नाही. टप उघडायचा नसेल तर ही गाडी घेतलीच कशाला?

तरीही नऊ वर्षे आम्ही हिंडलो. वेल्सचे डोंगर पाहिले, यॉर्कशरच्या दऱ्या पाहिल्या, सरोवरांच्या प्रदेशात चार वेळा गेलो. डिकी भरण्याचे काम माझे. मी अभियंता असल्यामुळे ते मलाच चांगले जमते, असा माझा समज होता. सौ. आपली एक बॅग घेऊन यायची आणि ती पायांशी ठेवून बसायची. प्रवास सुरू व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलावा लागला. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पाच महिन्यांनी ती घरात काठीने हिंडू लागली. बाहेर मात्र लांब चालायचे तर चार चाकांचा, मध्ये बसण्याची पट्टी असलेला वॉकर लागत असे. उन्हाळा आला. प्रवासाला हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगितले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मात्र दोन अटी घातल्या : पाय पुढे मोकळा पसरता आला पाहिजे, आणि दर तासा-दीड तासाने उतरून चार पावले चालले पाहिजे. म्हणजे तिच्या पायांशी बॅग नको, तिचे आसन पूर्ण मागे सरकवलेले हवे आणि वॉकर सोबत हवा.

मी वॉकर घडी करून डिकीत घालून पाहिला. उभा गेला नाही, आडवा गेला नाही, तिरका घातला तर झाकण लागेना. सौ. दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "अहो, राहू द्या या वर्षी. या गाडीत मला आणि याला, दोघांना जागा नाही." तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. रात्री मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "अण्णा, ती गाडी विका आणि मोठ्या डिकीची एखादी घ्या. हट्ट कशाला?" त्याचे म्हणणे चूक नव्हते. पण ही गाडी घेतली त्या दिवशी सौ. पहिल्यांदा तीत बसली आणि टप मागे पडताच लहान मुलीसारखी हसली होती. ती गाडी तिच्याच आजारपणामुळे विकली असे घडले असते, तर त्याचे ओझे तिने जन्मभर वाहिले असते. मुलाला मी आठ दिवसांची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक काम केले, जे नऊ वर्षांत कधी केले नव्हते. प्रवासाला जाताना डिकीत जे जे भरत असे ते सारे गॅरेजच्या फरशीवर मांडले. पान्यांच्या दोन पिशव्या, कॅमेऱ्याची तिपाई, दोन घडीच्या खुर्च्या, हवा भरण्याचा पायपंप, गाडी चमकवण्याचे मेण आणि फडकी, पाच लिटर पाण्याचा कॅन, जुन्या नकाशांचा गठ्ठा, माझे दोन कोट आणि तीन जोडी बूट. सौ.चे त्यात काय होते? एक छत्री. तिचे बाकी सारे सामान नऊ वर्षे तिच्या पायांशी होते. गुडघा त्यामुळे दुखावला असे कोणत्याही डॉक्टरने म्हटले नाही आणि मीही म्हणत नाही. पण तिने पाय आखडून बसावे हे मी ठरवले होते, आणि तेही तिला एका शब्दाने न विचारता. फरशीवरचा तो पसारा पाहताना जागेची टंचाई कोठून आली होती ते मला पहिल्यांदा नीट दिसले.

मग आम्ही दोघांनी बसून यादी केली. एकच कसोटी लावली : मागच्या तीन प्रवासांत ही वस्तू वापरली का? खुर्च्या एकदाही उघडल्या नव्हत्या. मेणाची डबी रस्त्यात लागण्याचा प्रश्नच नव्हता. पान्यांच्या दोन पिशव्यांतून जे खरोखर लागते ते एका लहान पाकिटात मावले. पाण्याचा कॅन गेला. वाटेत नळ सर्वत्र असतात. कपड्यांचा हिशेब सौ.ने सांगितला : प्रवास दहा दिवसांचा असो की पंधरा, कपडे चार दिवसांचे घ्यावेत आणि मध्ये एकदा धुवावेत. एवढ्याने निम्मी डिकी मोकळी झाली. अधिक जागेसाठी मी पैसे खर्च करण्याच्या तयारीत होतो. पहिला हप्ता फुकटच मिळाला.

उरलेल्या जागेचा उपयोग करण्याचेही एक तंत्र आहे. अशा डिकीत टणक पेटी नेऊ नये. मऊ कापडाच्या तीन-चार लहान पिशव्या न्याव्यात. त्या खड्ड्यात आणि कोपऱ्यात मुरतात. काही व्यावसायिक डिकीच्या आकाराबरहुकूम पिशव्यांचे संच शिवून विकतात, पण साध्या पिशव्यांनीही काम भागते. बुटांच्या आत मोजे ठेवावेत. जड वस्तू तळाशी आणि शक्य तितक्या पुढे, म्हणजे आसनांच्या बाजूला ठेवाव्यात. हे नुसत्या नीटनेटकेपणासाठी नाही. या गाडीचे वजन हजार किलोच्या थोडे वर आहे आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास सारखे वाटलेले आहे; तिच्या चालीची गोडी त्या समतोलात आहे. मागच्या चाकांच्याही मागे जड ओझे टाकले की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंगची पकड सैलावते आणि वळणावर गाडीचे शेपूट बाहेर झुकू पाहते. रात्री दिव्यांचा झोतही वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो.

हे समजले की डिकीवरच्या कॅरिअरचे काम कोणते हेही समजते. कॅरिअर जड सामानासाठी नाही. जे हलके आहे पण जागा खाते, त्याच्यासाठी आहे. आमचा वॉकर ॲल्युमिनियमचा, सात किलोचा. त्याच्यासाठी कॅरिअर अगदी योग्य.

जुन्या इंग्लिश गाड्यांवरचे कॅरिअर पुष्कळदा झाकणाला छिद्रे पाडून बोल्टने पक्के केलेले असत. ते मजबूत असत, पण छिद्रांतून पाणी शिरे आणि पत्रा तेथूनच गंजू लागे. आता छिद्रे न पाडता बसणारे कॅरिअर मिळतात. त्यांचे रबरी पाय झाकणावर टेकतात आणि आकडे झाकणाच्या कडांना धरतात. काहींना पाय नसतातच. नुसती जलाभेद्य बॅग पट्ट्यांनी बांधायची असते. मी पहिल्या प्रकारचा घेतला. त्याच्या पत्रकात वीस किलोची मर्यादा होती. वॉकर आणि त्यावर एक कपड्यांची पिशवी मिळून अकरा किलो भरले. मर्यादा आहे म्हणून ती गाठलीच पाहिजे असे नाही. याखेरीज गाडीने एकूण किती वजन न्यावे याचीही मर्यादा असते. दोन माणसे आणि सारे सामान त्यात धरायचे असते. छोट्या गाडीत ती लवकर गाठली जाते, आणि कॅरिअर लावल्याने ती वाढत नाही.

थेट लांबच्या प्रवासाला न निघता आधी एक परीक्षा घ्यावी, असे ठरवले. लेस्टरहून ए६ रस्त्याने डर्बी, मॅटलॉक, बेकवेल करीत बक्स्टनपर्यंत गेलो. त्या एका दिवसात चार चुका सापडल्या.

पहिली : पट्ट्यांची मोकळी टोके मी तशीच सोडली होती. वाऱ्याने ती झाकणावर आपटत राहिली आणि डर्बी येईपर्यंत रंगाला बारीक ओरखडे उमटले. टोके गुंडाळून बांधलीच पाहिजेत. दुसरी : ताणलेला सपाट पट्टा वेगात गुणगुणतो, आणि अर्ध्या तासात तो आवाज असह्य होतो. पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला की आवाज थांबतो. ही युक्ती बेकवेलच्या गाडीतळावर एका वृद्ध गृहस्थांनी आपणहून येऊन शिकवली. तिसरी : बॅगेची चेन मी पुढच्या बाजूला ठेवली होती. वाटेत सर आली आणि वाऱ्याने पाणी चेनीतून आत ढकलले. चेन मागच्या बाजूला हवी, आणि आतले कपडे पुन्हा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत हवेत. चौथी चूक सर्वांत गंभीर. बॅग इतकी उंच झाली होती की आरशातून मागचा रस्ता दिसेना, आणि तिचे एक टोक झाकणावरच्या ब्रेकच्या दिव्यावर आले होते. मागच्याला आपला ब्रेक दिसला नाही तर काय होईल हे सांगायला नको. येथील कायद्याप्रमाणे सामान पक्के बांधणे आणि दिवे व नंबरपाटी न झाकणे ही चालकाची जबाबदारी आहे. पण कायदा नसता तरी ती होतीच. घरी येऊन वॉकर आडवा निजवला, पिशवी त्याच्या पोकळीत बसवली आणि सौ.ला चालकाच्या आसनावर बसवून आरशातून काय दिसते ते विचारले. तिसऱ्या प्रयत्नाला ती म्हणाली, "आता दिसतंय सगळं."

आणखी दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. कॅरिअर भरला की झाकण जड होते आणि उघडल्यावर ते वर टिकत नाही. डोक्यावर येण्याची भीती असते. म्हणून वाटेत लागणारी वस्तू डिकीत ठेवू नये. औषधे, पाण्याची बाटली, खाकऱ्यांचा आणि भडंगाचा डबा हे सारे आत, हाताशी. दुसरे, कॅरिअर बसवण्यापूर्वी झाकण धुऊन पुसून घ्यावे. रबराखाली वाळूचा एक कण राहिला तरी तो दहा दिवस रंग घासत राहतो.

जूनमध्ये आम्ही स्कॉटलंडला निघालो. स्काय बेटापर्यंत पाचशे मैलांहून अधिक अंतर. ते तीन दिवसांत विभागले. पहिला मुक्काम कार्लाइल, दुसरा फोर्ट विल्यम. टायरमध्ये पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा भरली होती. निघाल्यावर पंधरा मैलांनी थांबून पट्टे पुन्हा आवळले, कारण सामान बसले की पट्टे सैल पडतात. सौ.च्या आसनावर एक घट्ट उशी ठेवली होती, कारण ही गाडी जमिनीलगत असते आणि खोल आसनातून उठणे गुडघ्याला जड जाते. आधी पाठ आसनाकडे करून बसायचे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवले होते. तिच्या पायांशी काही नव्हते. पहिले दहा मैल तिचे मला बोलणेच ऐकू आले नाही, म्हणून विचारले, "दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही हो. पाय लांब करून बसलेय. समोर एवढी जागा होती हे मला ठाऊकच नव्हतं."

ग्लासगो ओलांडून ए८२ रस्त्याने लॉक लोमंडच्या काठाला लागलो. लस नावाच्या खेड्यात सरोवरात शिरलेला एक धक्का आहे. तेथे थांबून पट्टे सोडले, वॉकर उतरवला, उघडला. या सगळ्याला चार मिनिटे लागली. मी घड्याळ लावले होते. सौ. वॉकर धरून धक्क्याच्या टोकापर्यंत गेली, त्याच्याच पट्टीवर बसली आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. त्या दहा दिवसांत तो वॉकर मी तीस-चाळीस वेळा तरी उतरवला आणि चढवला असेल. रॅनॉकच्या माळरानावर पाऊस झोडपत होता. ग्लेन्कोत दरड-कड्यांवर ऊन पडले होते. स्कायवर एकेरी रस्त्यांवर समोरून गाडी आली की बाजूच्या खुणेच्या जागेत थांबावे लागे, आणि थांबलो की टपाबाहेरचे सारे आकाश आमचेच असे. बॅग रोज रात्री खोलीत आणली, कारण बाहेरच्या कापडी बॅगेला कुलूप नसते.

मोठी गाडी घेणे चूक ठरले असते असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी चाकांची खुर्ची लागते, दोन मुले आहेत, त्यांना मोठी गाडीच हवी. तेथे कॅरिअरचा हट्ट धरू नये. पण पुष्कळदा आपण जागा वाढवण्याचा विचार आधी करतो आणि असलेली जागा कोणी व्यापली आहे हे पाहतच नाही. आपली गाडी पाच आसनांची असो, सात आसनांची असो, की प्रवास रेल्वेने असो, निघण्यापूर्वी सारे सामान एकदा जमिनीवर मांडावे आणि त्यात कोणाचे किती आहे ते पाहावे. घरातले एखादे माणूस न बोलता पाय आखडून बसले असेल, तर ते तेव्हा दिसेल.

या जूनमध्ये सौ.ला वॉकर लागणार नाही, असे दिसते. ती आता काठीने मैलभर चालते. कॅरिअर काढून ठेवावा का, असे मी परवा विचारले. ती म्हणाली, "राहू द्या. त्यावर तुमच्या खुर्च्या बांधू. एकदा तरी उघडून बसू या."